नांगी आणि टेल्सन



कामगार संघटनेचा माणूस विंचवाच्या शेपटीवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आले असेल. पण हुद्द्यांच्या नावांवरून भांडण्यातच माझी हयात गेली. काम एक आणि नावे दोन केली, की पगारही दोन होतात. प्राणिशास्त्राची पुस्तके वाचू लागलो, तो तिथेही हाच तंटा!

विंचू डंख मारतो ती नांगी आणि खेकडा पकडतो तीही नांगी, असे आपण म्हणतो. पण खेकड्याची नांगी म्हणजे त्याच्या दहा पायांतली पहिली जोडी. विंचवाचे तसे नाही. आपण जिला त्याची शेपटी समजतो ते निमुळते झालेले पोटच आहे. आतडे तिच्या पाचव्या वलयापर्यंत जाते आणि गुदद्वार तेथेच उघडते. त्यापलीकडचा विषाचा फुगा, काट्यासकट, तो 'टेल्सन'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सीमा.

हे नाव काम पाहून नव्हे, जागा पाहून दिलेले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर घोड्याच्या नालेसारखा एक प्राणी सापडतो. लोक त्याला खेकडा म्हणतात, पण तो विंचवाच्या गोतातला. तो उताणा पडला, की तलवारीसारख्या टेल्सनचा टेकू घेऊन सुलटा होतो. कोळंबीच्या शेपटीचा पंखा तर आपल्या स्वयंपाकघरातच पाहता येईल. मधले पाते टेल्सन. बाजूची चार पाती म्हणजे शेवटच्या वलयाचे दोन पाय, प्रत्येकी दुभागलेले. पाचही पाती मिळून पाणी मारतात, पण मूळ निराळे. मूळ आणि काम यांची अशी फारकत रिचर्ड ओवेन यांनी १८४३ साली स्पष्ट शब्दांत मांडली.

टेल्सनला शास्त्रज्ञ वलयांत मोजत नाहीत. मला गिरणीतला बदली कामगार आठवतो: रोज दाराशी हजर, पण कायम मस्टरावर नाव नाही. समुद्रातल्या वलयी कृमींतही असाच एक न मोजलेला शेवटचा तुकडा असतो, पायजिडियम. आणि कृमी वाढतो तेव्हा नवी वलये येतात ती नेमकी या तुकड्याला लागून, त्याच्या पुढच्या अंगाला!

पायजिडियम या नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. कृमीत तो एक तुकडा. कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या ट्रायलोबाइटमध्ये अनेक वलये जुळून झालेली ढाल. भुंगेऱ्यात पाठीवरची शेवटची उघडी चकती. करारात असा शब्द मालकाने घातला असता, तर मी सही केली नसती. म्हणून पुस्तकात तो दिसला, की आधी विचारावे: कोणाचा?