हरळी की पुदिना?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळाच्या खोलीपुढे वीस फूट लांब व दहा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. तेथे काय लावावे ह्यावर मागल्या सभेत बराच वाद झाला. काही भगिनी म्हणाल्या, छानशी हिरवळ करावी, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना टेकायला होईल. काही म्हणाल्या, गवत का कोणाला खायचे आहे? त्यापेक्षा पुदिना लावावा, चार जुड्या विकल्या तर मंडळाला दोन पैसे सुटतील. आवाज चढू लागले तेव्हा अध्यक्षीणबाईंनी मला सांगितले, "तुमच्या अंगणात दोन्ही आहेत, तेव्हा वर्धापनदिनी तुम्हीच बोला." म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे.

प्रथम दोघांची ओळख करून घेऊ. माझ्या अंगणातली हिरवळ म्हणजे आपली हरळीच. गणपतीला आपण वाहतो ती दूर्वा आणि ही हरळी एकच. हिरवळीसाठी तिची बारीक पानाची जात लावतात, एवढाच फरक. आपल्या काळ्या रानात मात्र शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो. बायका दिवसदिवस काश्या वेचतात, तरी मातीत एखादी कांडी राहिली की ती पुन्हा फुटतेच. देवघरात मान आणि शेतात वनवास, असे तिचे नशीब आहे.

पुदिन्याला आपण भाजीवाल्याकडची जुडी म्हणून ओळखतो. परंतु सरकारच्या मसाला मंडळाच्या यादीत मिरी-वेलदोड्यांच्या बरोबरीने पुदिन्याचेही नाव आहे. चटणीत, ताकात, कैरीच्या पन्ह्यात त्याची चार पाने पडली की पदार्थाची चवच बदलते. उन्हाळ्यात जेवण जात नसेल तेव्हा ही चटणी पानात असली म्हणजे दोन घास जास्त जातात.

लावायला दोन्ही सोपी. हरळीच्या मुळ्या असलेल्या कांड्या चार-चार बोटांवर टोचल्या की पावसाळ्यात जमीन झाकून जाते. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या निवडाव्या, खालची पाने काढावी आणि काड्या पेल्यात पाणी घेऊन ठेवाव्या. आठ-दहा दिवसांत मुळ्या सुटतात. दोघांचा स्वभावही एकच, पसरण्याचा. कापले म्हणजे दोन्ही दाट होतात. म्हणून पुदिन्याला विटांची चौकट हवी, नाहीतर तो शेजारच्या वाफ्यात शिरतो. दोन-तीन वर्षांनी त्याची जागाही बदलावी, नाहीतर पानांवर तांबेरा पडू लागतो.

फरक पडतो तो उन्हात, पायांत आणि पाण्यात. हरळीला भरपूर ऊन हवे. झाडाच्या सावलीत ती विरळ होते. मराठवाड्याच्या उन्हात पुदिन्याला मात्र अर्धी सावली लागते. हरळीवर मुले खेळली तरी ती पुन्हा उठते. पुदिना पायदळी तुडवून चालत नाही. राहिला पाण्याचा प्रश्न. त्यासाठी मला माझ्याच घरची एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मला अजून संकोच वाटतो.

आमच्या लातूरच्या घरापुढे दहा फूट लांब व दहा फूट रुंद अंगण आहे. सन २०१४ मध्ये ह्यांनी तेथे हौसेने हरळी लावली. मागच्या दारी मोरीजवळ सासूबाईंचा पुदिना होता. त्याला वेगळे पाणी कधीच घालावे लागले नाही. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी त्या त्याच वाफ्यात सोडायच्या. साबणाचे पाणी मात्र तिकडे जाऊ देत नसत. हिरवळीला भर उन्हाळ्यात रोज तीन बादल्या लागत. पुढे मुलाने मला हिशेब करून दाखवला. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी घातले म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. गवताला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर धरले, तर आमच्या नऊ-सव्वानऊ चौरस मीटरला शेहेचाळीस लिटर होतात. म्हणजे पंधरा लिटरच्या तीन बादल्या.

पुढे २०१६ चा उन्हाळा आला. तो आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. घरोघरी भांडी मोजून पाणी वापरले जात होते. आम्हीही हिरवळीचे पाणी बंद केले. आठ-पंधरा दिवसांत ती काथ्यासारखी पिवळी पडली. ह्यांनी दोन वर्षे जपलेली हिरवळ अशी जाताना बघवेना. एका संध्याकाळी आमचा टँकर आला होता, हौद भरलेला होता. मी मनाशी म्हटले, एका बादलीने काय होणार आहे? आणि एक बादली गवतावर ओतली.

वळून पाहते तो फाटकाशी शेजारच्या काकू उभ्या. हातात रिकामी घागर. त्यांच्या घरी बाळंतीण होती, हे मला ठाऊक होते. त्यांनी ओल्या गवताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "या ना काकू." त्या म्हणाल्या, "काही नाही, सहज आले होते," आणि घागर तशीच घेऊन परत गेल्या. थोड्या वेळाने मी घागर भरून त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, चहाही विचारला. पण माझ्या घशाखाली चहा उतरला नाही. त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

खरी गंमत पुढेच आहे. पावसाळा लागला आणि आमची मेलेली हरळी आठवडाभरात हिरवी झाली. वरची पाने वाळली होती, पण जमिनीतल्या काश्या जिवंत होत्या. आमच्या माहेरचे एक वृद्ध शेतकरी हसून म्हणाले, "अगं पोरी, जी हरळी नांगराला मरत नाही ती उन्हाळ्याने मरते होय? ती झोपली होती." म्हणजे ज्या बादलीसाठी मी शेजारणीपुढे खाली मान घातली, ती बादली गवताला नकोच होती! पुदिन्याचे तसे नाही. त्याची मुळे वरवर असतात. पाणी पुरते तुटले असते तर तो गेलाच असता. तो तगला तो सासूबाईंनी तांदळाचे धुवण वाया जाऊ दिले नाही म्हणून.

तेव्हापासून मी हिरवळीवर रागावले होते. निरुपयोगी वस्तू, श्रीमंतांची हौस, असे मीही म्हणत असे. पुढच्या वर्षी सासूबाईंचे गुडघ्याचे दुखणे वाढले. त्यांना फरशीवर चालायची भीती वाटे, म्हणून त्या सकाळी हरळीवर अनवाणी चार फेऱ्या घालीत आणि मग तेथेच बसून पुदिना निवडीत. ज्या बाईने जन्मभर कामाखेरीज बूड टेकले नाही, तिला त्या गवतावर स्वस्थ बसलेली मी पाहिली. उपयोग म्हणजे केवळ पातेल्यात पडते तेच नव्हे, हे मला तेव्हा कळले.

तर भगिनींनो, हरळी की पुदिना असा हा वाद नाहीच. पाणी कोठून येणार आणि टंचाईत ते कोणाचे, हे आधी ठरवावे. मग काय लावायचे ते आपोआप ठरते. माझी सूचना अशी आहे. पुढची उन्हाची जागा हरळीला द्यावी, बालवाडीची मुले तेथे खेळतील. हिशेबाने भर उन्हाळ्यात तिला रोज सहा बादल्या लागतील, त्या पाणी असेल तेव्हाच घालाव्या. पापड-मसाल्याच्या खोलीमागे भांडी विसळण्याचा नळ आहे, तेथे सावली आहे. तेथे पुदिन्याचा वाफा करावा व विसळण्याचे बिनसाबणाचे पाणी त्यात सोडावे. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून थोडी वाळू व शेणखत मिसळावे.

शेवटी एक विनंती. ज्या वर्षी गावात टँकर सुरू होईल, त्या वर्षी हिरवळीला एक तांब्याही पाणी घालायचे नाही, असा ठराव आजच आपल्या वहीत लिहून ठेवावा. ती पिवळी पडेल, पडू द्यावी. आपल्या फाटकाशी आलेली घागर मात्र रिकामी परत जाऊ नये.

हरळीच्या कांड्या आणि पुदिन्याच्या काड्या दोन्ही मी माझ्या घरून देईन.