छापील सूक्ष्मदर्शक

१८९७ च्या ऑगस्टमध्यें सिकंदराबादच्या उकाड्यांत रोनाल्ड रॉस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु शोधीत होते. घामानें त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, आणि उरलेलें एकच नेत्रभिंग तडकलेलें होतें. त्यांचें काम तशांतहि तडीस गेलें. परंतु यंत्रापायीं अडून राहिलेल्या कामांची गणती कोण करणार? दूरच्या इस्पितळांत परदेशी यंत्र एकदां मोडलें कीं सुटा भाग येईपर्यंत तें कपाटांत पडून राहतें, आणि तापानें फणफणलेल्या मुलाची रक्ततपासणी खोळंबते.

यावर केंब्रिजमध्यें रिचर्ड बोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक उपाय योजिला. थ्रीडी प्रिंटर म्हणजे प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर देत वस्तु घडविणारें, टेबलावर मावणारें यंत्र. त्यावर सूक्ष्मदर्शकाचा सांगाडा छापावयाचा! जाणता कारागीर हें ऐकून हंसेल, आणि त्याचें हंसणें अगदींच गैर नाहीं. प्लॅस्टिकचे सरकते भाग डुगडुगतात. तांबडी रक्तपेशी तर मिलिमीटरच्या सुमारें १३० व्या भागाएवढी, आणि जंतु तिच्याहि पोटांत.

तोड मोठी मार्मिक निघाली. श्रोत्यांनीं चुलीजवळचा चिमटा आठवावा. त्याला बिजागरी नसते. एकच पट्टी वांकते व सोडतांच पूर्ववत् होते. या सांगाड्यांतहि प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्याच सांध्यांचें काम करतात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणें असा मंच ८ मिलिमीटर लांब, ८ रुंद व ४ उंच इतक्या टापूंत एका मायक्रॉनहूनहि लहान पावलांनीं हलतो, आणि आठवडाभर ठेविला तरी २० मायक्रॉनदेखील ढळत नाहीं.

त्याला लहान मोटरी व रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक जोडला कीं यंत्र काचपट्टीचीं चित्रें आपोआप टिपीत जातें. रक्तांत जंतु नाहींत असें म्हणण्यापूर्वीं शंभर दृश्यें तपासण्याचा प्रघात आहे. दिवसभर नळीला डोळा लावणाऱ्या तंत्रज्ञालाच या सोयीचें मोल कळेल.

टांझानियांत इफाकारा येथील आरोग्यसंस्थेच्या साहाय्यानें हें यंत्र हिंवतापाच्या कामीं पारखून पाहण्यांत आलें. भिंग अर्थात् छापतां येत नाहीं, तें विकतच घ्यावें लागतें. रोगनिदानासाठीं सरकारी मान्यतेचें सोपस्कारहि चुकत नाहींत. मात्र आराखडा सर्वांस खुला आहे. एखादा सांधा तुटलाच तर बोटीची वाट न पाहतां तो तेथेंच पुन्हा छापून घेतां येतो.