गच्चीवरचा शेवटचा मे

वरळीतली आमची बीडीडी चाळ पुनर्विकासासाठी येत्या जूनमध्ये रिकामी व्हायची आहे. त्यामुळे यंदाचा मे महिना आम्ही गच्चीवर जरा जास्तच रेंगाळतोय. आज बोलायचंय ते या गच्चीबद्दल.

पण आधी चाळीबद्दल थोडं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टरेट’ हे खातं काढलं. बीडीडी हे नाव त्यातूनच आलं. गिरण्यांच्या मुंबईत कामगारांना राहायला जागा नव्हती. 50 हजार खोल्या बांधायचा बेत होता, झाल्या सुमारे 16 हजार. खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे 1 रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती झाल्या, त्यातल्या 121 वरळीत. गंमत म्हणजे वरळीतल्या बऱ्याच खोल्या सुरुवातीची वर्षं रिकाम्याच राहिल्या. 1930 च्या कायदेभंगात सरकारनं इथंच सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग उघडला!

गिरगावच्या चाळींना असते तशी गॅलरी आम्हाला नाही. मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. बांधकाम काँक्रीटचं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी धग खोलीत सोडतो. मग माणसं कुठं जाणार? वर. गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचं, चटई टाकायची, समुद्राकडून वारा सुटेपर्यंत गप्पा हाणायच्या.

एप्रिलमध्ये 14 तारखेच्या भीमजयंतीचा जल्लोष ओसरला की अर्धी चाळ गावी जाते. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे. उरलेल्या बायका वाळवणाला लागतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. गरम चीक तिथंच वाटीतून खायला पोरं हजर. जुन्या साडीवर साबुदाण्याच्या पापड्या, शेजारी बटाट्याचा कीस. आज तळमजला, उद्या पहिला मजला, अशा पाळ्या ठरलेल्या. कुठंही लिहिलेल्या नाहीत, पण मोडत कुणी नाही. कावळे हाकलायला पोरं बसवायची आणि त्यांनीच ओल्या पापड्या पळवल्या तर काणाडोळा करायचा, हाही नियमच.

यंदा प्रश्न पडला होता, घालावं का वाळवण? सामान बांधायच्या दिवसांत डबे कुठं वाढवायचे? शेजारच्या मावशी म्हणाल्या, “नव्या घरात काय पावसाळा येणार नाही होय?” वाद संपला. मुंबईत पाऊस सुरू होण्याची सरासरी तारीख 11 जून. त्याआधी सगळं कडकडीत वाळून डब्यात जायला हवं.

जाणं वाईट, असं मी म्हणणार नाही. सामाईक संडासासमोर रांग लावण्यात कसली आलीये मजा? ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पुनर्विकासातल्या पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 500 चौरस फुटांची स्वतःची जागा हा इथल्या माणसांचा हक्कच होता. पण इथला शेजार काही चाळीच्या भिंतींतून आपोआप उगवला नव्हता. सगळ्यांना लागणारी एक उघडी जागा होती आणि ती वाटून घेण्याची रीत होती. टॉवरच्या गच्चीला बहुतेक वेळा कुलूप असतं. वर टाक्या, खाली पार्किंग, मधे लिफ्टमधली ओळख.

म्हणून माझ्या चाळकऱ्यांना आणि नव्या इमारतीत जाणाऱ्या सगळ्यांनाच एक सांगणं आहे. सोसायटीच्या पहिल्याच सभेत पार्किंगच्या आधी गच्चीचा विषय घ्या. कठड्याची उंची तपासून घ्या, वेळा ठरवा, मे महिन्यात वाळवणाच्या पाळ्या लावा आणि किल्ली कुणाकडे ते फळ्यावर लिहा. गच्ची सगळ्यांच्या मालकीची असते. ती मागून घ्या.