सुट्टी झाली, उपचार चालूच आहेत



आज एकाच विषयावर बोलणार आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ दवाखान्यातून घरी गेल्यावर काय पितं, किती पितं आणि त्याकडे लक्ष कोणाचं असतं?

झरी जामणीचं असो की उमरखेडचं, सव्वा-दीड किलोचं बाळ यवतमाळच्या नवजात शिशु कक्षात आज वाचतं, ही आपल्या सगळ्यांच्या मेहनतीची कमाई आहे. पण सुट्टी झाली की आपण उपचार संपले असं धरतो. खरं तर तिथे उपचाराची जागा बदलते आणि औषध बदलतं. घरी मुख्य औषध दूध असतं.

आपल्या आशाताईंच्या गृहभेटींचं वेळापत्रक पाहा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचा हिशेब करा. बेचाळिसाव्या दिवसाची भेट संपते, तेव्हा त्याच्या जन्माची मूळ तारीखसुद्धा उजाडलेली नसते. त्यातले तीन-चार आठवडे दवाखान्यात गेले असतील, तर घरच्या भेटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. पुढे तिमाही भेटी आहेत, पण मधल्या काळात वजन अडलं तर ते कळायचं कसं? त्यातून बाळंतपण माहेरी, सुट्टीच्या कार्डावर पत्ता सासरचा. सासरची आशाताई दार ठोठावते, तेव्हा माय-लेकरू दुसऱ्याच तालुक्यात असतं.

आता घरातलं दूध पाजणं जवळून पाहू. चौतीस आठवड्यांच्या आसपास बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमू लागतो. तरी ते लवकर थकतं. चार घोट घेतं आणि झोपतं. घरच्यांना वाटतं, पोट भरलं. म्हणून रडण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजायचं. अंगावर ओढून थकलं की स्वच्छ वाटीत हाताने काढलेलं दूध पलाडईने, म्हणजे चोच असलेल्या लहान वाटीने, द्यायचं. बाळाला जरा बसतं धरायचं, पलाडईची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि त्याला जिभेने दूध घेऊ द्यायचं. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागतो. एका वेळेला अर्धा तास जातो. हे आईकडून सुट्टीच्या आधी दोन दिवस, आपल्या डोळ्यांसमोर, करवून घेतलं पाहिजे. आणि त्या वेळी सासूबाईंना किंवा आजीला शेजारी बसवलं पाहिजे, कारण घरी गेल्यावर शब्द त्यांचा चालतो.

वैशाखाच्या उन्हात घरच्यांना बाळाला पाणी पाजावंसं वाटतं. पण आईच्या दुधात शंभरातले जवळपास अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. वेगळं पाणी पोटातली दुधाची जागा अडवतं. घुटी, मध, पाणी घातलेलं गाईचं दूध, बाटली, यातलं काहीच या बाळाला सोसत नाही.

दुसरी गोष्ट लोह आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची. गर्भातलं लोह बाळाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं. लवकर आलेल्या बाळाची ती शिदोरी अर्धीच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत आईच्या दुधावरच्या अशा बाळाला किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम लोह आणि रोज ४०० ते १००० युनिट ड जीवनसत्त्व सहा महिन्यांपर्यंत सांगितलं आहे. पण प्रत्येक बाटलीतलं लोहाचं प्रमाण वेगळं असतं आणि बाळाचं वजन वाढलं की मात्राही वाढवावी लागते. ‘थेंब चालू ठेवा’ एवढं लिहून भागत नाही. किती मिली आणि पुढे केव्हा वाढवायचं, तेही लिहा.

वरचं अन्न सुरू करताना वय मूळ तारखेपासून मोजा. दोन महिने आधी आलेलं बाळ जन्मापासून आठ महिन्यांचं होतं, तेव्हा त्याचे खरे सहा महिने भरतात. त्या वेळी वरणाचं पातळ पाणी नको. घट्ट वरण, मऊ खिचडी, वर चमचाभर तेल. लसी मात्र जन्मतारखेनुसारच.

आणि आई? कापूस फुटला की वेचणीची घाई असते. मजुरी बुडते म्हणून बाई बाळाला घरी ठेवून शेतात जाते. तिला उपदेश करून दूध वाढत नाही. तिच्या ताटात अन्न आणि तिच्या वाट्याला रजा हवी. आदिवासी भागात स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेचं एक वेळचं जेवण आहे. ते तिच्यापर्यंत पोचतं का, हे पाहणंही आपलंच काम आहे.

घरी जाऊन बाळाची अशी काळजी घेणं जमणारं नाही, असं कोणी म्हणू नये. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून देशभर आशाताईंच्या ज्या गृहभेटी चालतात, त्यांची मुळं या विदर्भाच्या मातीत आहेत.

म्हणून या परिषदेपुढे तीन मागण्या ठेवतो. सुट्टीच्या कार्डावर दुधाचं प्रमाण, वेळा आणि थेंबांची मात्रा मराठीत लिहा. कार्डावर सासरचा पत्ता असेलच. बाळ आता राहणार त्या गावचा पत्ताही टाका आणि तिथल्या आशाताईंना त्याच दिवशी फोन करा. आणि मूळ तारखेनंतर तीन महिने होईपर्यंत दर पंधरवड्याला वजन घ्या. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. उद्या ज्या बाळाला सुट्टी मिळेल, त्याच्यापासूनच सुरुवात करा, एवढी विनंती.