बाराशे सांगितले, एकशे तीस मिळाले
(वेवजी येथे ग्रामसंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं की यशोगाथा सांगा. ताईंनो, माझ्याकडे यशोगाथा नाही. पापडाची गोष्ट आहे, ती सांगते. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ती अर्धी माहीत आहे, आणि उरलेली अर्धी थोडी वेगळी आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटानं नागलीचे पापड केले. ग्रामसंघातून आठ हजार कर्ज घेतलं. दहा जणी. पहाटे उकड काढायची, ऊन चढायच्या आत लाटून संपवायचं, मग घरचं सगळं आहेच. पन्नास किलो पापड झाले. चारशे रुपये किलोनं प्रदर्शनात विकायचे. मी वहीवर हिशोब मांडला नि बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला : कर्ज वजा जाता प्रत्येकीला बाराशे रुपये.

चूक इथं झाली. पापडात नाही, ह्या वाचण्यात. बाराशे म्हटल्याबरोबर ते पैसे प्रत्येकीच्या मनात खर्च होऊन गेले. कुणी पोराचं दप्तर घेतलं, कुणी पत्रा बदलला, एकीनं तर दुकानात उधारीसुद्धा केली.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. मंडप गळला, माणसं फिरकेनात. अकरा किलो विकले. आणि खरं सांगू का, पाऊस नव्हता तेव्हाही मी गल्ला मोजत बसले होते. एक बाई विचारत होती, हे तळायचे की भाजायचे? मी मान वर न करता काहीतरी उत्तर दिलं. ती पुढच्या स्टॉलवर गेली. तिला एक पापड भाजून दिला असता तर तिनं घेतले असते की नाही, कोण जाणे. पण भाजून देणं माझ्या हातात होतं, ते मी केलं नाही. बाराशे माझ्या हातात नव्हते, त्यांनाच धरून बसले.

घरी येताना टेंपोत कुणी बोललं नाही. आमच्या गटात सगळ्यांत पातळ लाटणारी एक मावशी आहे. ती एवढंच म्हणाली, "एवढं केलं नि काय मिळालं? आता माझ्यानं नाय व्हायचं." त्यानंतरच्या दोन बैठकांना ती आली नाही. मग आणखी दोघी म्हणाल्या, गटच बंद करू, बचत वाटून घेऊ.

तेव्हा मला आपल्या भागातल्या एका बाईंची आठवण झाली. आपल्यात अंगणवाडीच्या ताई बसल्यात, त्यांनी प्रशिक्षणात नाव ऐकलं असेल : ताराबाई मोडक. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या तेव्हा वय त्रेपन्न. आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं मोठं काम करून आलेल्या. इथं बालवाडी उघडली, तर गरीब वस्तीतली मुलं येईनात. मला विचाराल तर ते पहिलं वर्ष आपल्या पापडासारखंच असणार. सगळी तयारी केलेली नि गिऱ्हाईकच नाही!

बाईंनी बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी साधनं परवडत नव्हती, तर खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं. तिथं आपल्या आदिवासींची मुलं गुरं राखायला जायची, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, शाळेत कशी येणार? मग शाळेला पाळणाघर जोडलं. प्रत्येक वेळी मनातलं चित्र मोडलं. ते त्यांनी मोडू दिलं, पण मूल शिकलं पाहिजे हे काही सोडलं नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, नि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. ताराबाईंनी त्यातली एकही पाहिली नाही. अनुताईंनी पाहिल्या, त्या १९९२ पर्यंत होत्या.

आता कुणी म्हणेल, फळाची आशा सोडायची तर हप्त्याची काळजी कशाला? नाही हो ताई. हप्ता भरायचाच. बचत, परतफेड, वही लिहिणं हे आपल्या हातातलं आहे, ते सोडलं तर मागच्या बाईला कर्ज मिळणार नाही. आपल्याकडे पाऊस नि बाजार ह्यांच्यावर खापर फोडून वही कोरी ठेवायची सवय आहे. मला ती आवडत नाही, स्पष्ट सांगते.

आपण लग्नाचा चौक लिहितो ना, तांदळाच्या पिठानं. सवाशिणी दिवसभर बसून एकेक रेघ नीट काढतात. लग्न झालं की भिंत पुसट होत जाते, आणि कुणी रडत नाही. पण म्हणून वाकडी रेघही कुणी काढत नाही.

तर आम्ही उरलेले पापड परत उन्हात घातले. अठरा किलो वाचले. ते कंपनीत कामाला जाणाऱ्या पोरींना नि गावात तीनशेनं विकले. ह्या वेळी प्रत्येकीला एकेक भाजून दिला! व्याजासकट कर्ज फिटलं, हातात तेराशे उरले. म्हणजे प्रत्येकीला एकशे तीस. वाटताना मी सगळ्यांची माफी मागितली, एकशे तीसबद्दल नाही, बाराशेबद्दल.

यंदा पुन्हा करायचं ठरतंय. वहीत मी नफ्याचा आकडा लिहिलेला नाही. लिहिलंय ते एवढंच : एप्रिलच्या आत वाळवण संपवायचं, पाव किलोच्या पिशव्या करायच्या, ढग आले तर माल कुणाच्या पडवीत हलवायचा, आणि स्टॉलवर शेगडी कोण पेटवणार. गट बंद करायचा विषय पुढच्या मंगळवारच्या बैठकीत आहे. ज्या दोघी म्हणाल्या होत्या त्यांनाही बोलावलंय, त्यांचं म्हणणं ऐकूनच ठरेल.

मावशीनं अजून हो म्हटलेलं नाही. परवा पाणवठ्यावर भेटली तेव्हा मात्र विचारत होती, यंदा नागली कुणाकडून घेणार? मागचं पीठ जाडं होतं म्हणे.