स्वयंसेवेचे बळ आणि भूमीचे रक्षण

शेगाव म्हटले की उभ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर श्रीसंत गजानन महाराजांचे मंदिर आणि तेथील सेवेकरी उभे राहतात. महाराजांनी 1910 साली समाधी घेतली. संस्थानची स्थापना त्यापूर्वीच, 1908 साली झाली होती. तेथील शिस्त आणि स्वच्छता पाहून भाविक थक्क होतो. परंतु सार्वजनिक कार्य करणाऱ्याने तिच्यामागील एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. सेवेकरी ठरावीक दिवसांसाठी येतो, नेमून दिलेले काम करतो आणि पाळी संपताच आपल्या शेताकडे, आपल्या संसाराकडे परततो. त्याची जागा दुसरा घेतो. ज्या दारात सेवेसाठी माणसे नंबर लावून थांबतात, त्या गावात 'स्वयंसेवक मिळत नाहीत' ही तक्रार ऐकू यावी, हे नवलच होय.

तक्रार मात्र खोटी नाही. भूसंधारणासाठी उभी राहिलेली मंडळे बहुधा चार-पाच उत्साही माणसांच्या खांद्यांवर असतात. पहिल्या वर्षी श्रमदानाला गाव लोटते. तिसऱ्या वर्षी तेच चौघे उरतात. पुढे त्यांच्यापैकी एकाच्या घरी लग्न निघते, दुसऱ्याची बदली होते आणि बांध फुटला तरी पाहणारा कोणी राहत नाही. फुटका बांध हा बांध नसण्यापेक्षा वाईट असतो; कारण अडलेले सगळे पाणी एकाच वाटेने धावते व खालच्या शेताची माती घेऊन जाते.

बुलढाणा जिल्ह्याने लोकशक्तीचा जोम पाहिलेला आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 2018 साली मोताळा तालुक्यातील सिंदखेड हे गाव दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत होते. 2016 साली तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा 2018 पर्यंत 75 तालुक्यांत पोहोचली. तिची बांधणी पाहण्यासारखी होती: आधी गावातील निवडक स्त्री-पुरुषांचे प्रशिक्षण, मग उन्हाळ्यातील 45 दिवसांचे काम. कुदळ हाती येण्यापूर्वी माथा ते पायथा हा क्रम डोक्यात होता. स्पर्धेला मुदत असते, निकाल असतो. भूमीच्या रक्षणाला मुदत नाही. म्हणून मंडळ वाढवायचे तर सेहेचाळिसाव्या दिवसाचा विचार पहिल्याच दिवशी करावा लागतो.

शेगाव परिसरात तर कामाची जातही निराळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा येथे पसरलेला आहे. जमीन काळी, खोल, चिकण. पाणी मुरते सावकाश, निचरा अपुरा आणि भूगर्भातील पाणी खारे. डोंगरउतारावर शोभणारे सलग समतल चर या सपाटीवर खोदणे म्हणजे घामाचा अपव्यय. विहीर खोदून ते खारे पाणी पिकाला देत राहिल्यास जमीन अधिकच चोपण बनते. येथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरणे, उताराला आडवी पेरणी करणे, जादा पाण्याला सुरक्षित वाट देणे ही कामे खरी. चिकण मातीमुळे शेततळ्यास बहुधा अस्तराचीही गरज पडत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातील यशाचे छायाचित्र पाहून त्याची नक्कल करणारे मंडळ येथे पहिल्याच पावसात लोकांचा विश्वास गमावून बसेल. कृषी सहायकाने या मंडळास द्यावयाची सर्वांत मोठी मदत म्हणजे निधी नव्हे. कोणते काम करू नये, हे वेळेवर सांगणे.

मंडळाचा विस्तार गावांच्या संख्येवर मोजण्याची घाई अनेकांना होते. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला, तो नियमांच्या पायावर. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर, भूमिहीनालाही हक्क, ऊस वर्ज्य, आणि खर्चातील काही हिस्सा लाभार्थ्याचाच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेतले. 2009 साली त्याला सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. सर्वसहमतीला वेळ लागतो, बैठका लांबतात, अधिकाऱ्यांना ते कंटाळवाणे वाटते. परंतु बहुमताने हरलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन येत नाही, हेही खरे.

आता कागदपत्रांविषयी. स्वयंसेवक याच ठिकाणी अडखळतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी झालेल्या संस्थेने विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावयाचा असतो. हिशेबांची तपासणीही करून घ्यावी लागते. हे राहिले की वादाच्या दिवशी खरे विश्वस्त कोण, हेच ठरत नाही. गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने वही आणि पावतीपुस्तक सांभाळले, तर ते दहा हातांच्या श्रमदानाइतकेच मोलाचे. खाजगी शेतात काम करताना मालकाची लेखी संमती, गायरानावर ग्रामपंचायतीचा ठराव, या गोष्टी काम सुरू होण्याआधीच व्हाव्यात. शेत विकले गेले की तोंडी संमती नव्या मालकाला बांधत नाही.

पगारी माणूस ठेवावा की नाही, हा प्रश्न मंडळात नेहमी निघतो. देखरेख व हिशेब यांना नियमितपणा लागतो. तेथे अल्प मानधन देणे गैर नाही. मात्र मानधनाचा पैसा एकाच देणगीदाराकडून येत असेल, तर देणगी थांबताच मंडळही थांबते. घरटी लहान वर्गणी, काही ज्वारीच्या रूपाने का होईना, अधिक टिकाऊ ठरते.

शाळेचा वाटाही आहे. पर्जन्यमापकाची रोजची नोंद आणि निवडक विहिरींची पाणीपातळी विद्यार्थी लिहू शकतात. ती वही ग्रामसभेत वाचली गेली, तर यंदा कोणत्या बांधाची दुरुस्ती आधी करायची, याचा निर्णय आवाजावर नव्हे, आकड्यांवर होईल. सेवेकऱ्यांच्या धर्तीवर पाळीची यादीही तेथेच लावावी: कोणत्या आठवड्यात कोणत्या घरचे कोण, काम कोणते आणि मोकळीक कधी. मृगाच्या आधी सांडवे साफ करण्याची पाळी त्या यादीत सर्वांत वर असावी.