रामेश्वरभटांची बाजू



मघाच्या एकांकिकेत संत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या पाण्यात पडल्या आणि मंडपातली कुजबुज एकदम थांबली. ओतूरच्या मुलांनी हा प्रसंग निवडावा, याचा मला फार आनंद झाला. माघ शुद्ध दशमीला स्वप्नात तुकोबांना ज्यांनी मंत्र दिला, त्या बाबाजी चैतन्यांची समाधी इथेच, मांडवीच्या काठी आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. तुमचे रामेश्वरभट जाड भुवया रंगवून, डोळे वटारत आले. प्रेक्षक हसले, आणि तुकोबांनी तोंड उघडायच्या आतच वाद निकालात निघाला. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोला असं रंगवा, हरकत नाही. रामेश्वरभट म्हणजे वाघोलीचे व्युत्पन्न पंडित. शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगणं त्यांना धर्मबाह्य वाटत होतं. ते मत अन्यायाचंच होतं; पण आपण धर्म राखतोय, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. हे नटाला उमगलं की आवाज चढवावा लागत नाही. वह्या बुडवायची आज्ञा हळू आवाजात द्या, अंगावर काटा येईल. तालमीत दोघांनी भूमिकांची अदलाबदल करून बघा. तुकोबा करणाऱ्याने आठवडाभर रामेश्वरभटांची बाजू मांडायची, तीही मनापासून.

शब्दांचा वादच रंगवायचा, तर दुसरे प्रसंग आहेत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. तिथे सवालजवाब होते, नाटककाराला संवाद आयते मिळतात. इथे तुकोबा वाद घालायचंच सोडून देतात. बुडालेल्या वह्यांसाठी तेरा दिवस इंद्रायणीकाठी अन्नपाण्याविना! हे तेरा दिवस तुम्ही निवेदकाच्या दोन वाक्यांत उरकलेत, त्याची मला हळहळ वाटली. कथेत रामेश्वरभटांच्या अंगाचा दाह होतो, तो शमावा म्हणून ते आळंदीला ज्ञानोबांच्या दारी जाऊन बसतात. मग रंगमंचाचे दोन भाग करा ना. इकडे शिळेवर तुकोबा, तिकडे ओल्या पंच्याने अंग टिपणारे पंडित. दोघंही गप्प, दोघंही देवाच्या दारात.

आज कीर्तनाअखेरीस आपण तुकोबांची आरती म्हणतो, ती याच रामेश्वरभटांची. वह्या बुडवणारा हात आरती लिहिण्यापर्यंत कसा आला, ते मला बघायचं आहे.

पुढच्या प्रयोगाला जरूर बोलवा. पहिल्या रांगेतली खुर्ची नको, मी विंगेत उभा राहीन. रामेश्वरभटांची एन्ट्री मला तिथून बघायची आहे.